राइट क्लिक, चार सेकंद आणि माझा अख्खा रविवार

कुठल्याही फाइलवर राइट क्लिक केलं की मेनू उघडायला चार-पाच सेकंद लागायचे. आधी वाटलं लॅपटॉप म्हातारा झाला, मग वाटलं हार्ड डिस्क चाललीये, आणि एक दिवस नीट बघितलं तर मेनूत खाली एक ओळ दिसली, "पीडीएफमध्ये बदला", छोट्या लाल आयकॉनसकट. ज्या सॉफ्टवेअरची ही ओळ ते मी तीन महिन्यांपूर्वीच अनइन्स्टॉल केलं होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन, रीतसर, "यशस्वीरीत्या काढून टाकलं" असा मेसेज येईपर्यंत थांबून. टास्क मॅनेजर उघडला तर तिथे त्याच कंपनीचा अपडेटर निवांत चालू. म्हणजे घर रिकामं केलं म्हणून सांगून भाडेकरू माळ्यावर राहतोय.

मग शोधाशोध केली आणि पहिल्यांदा कळलं की विंडोजमधली ती सॉफ्टवेअरची यादी म्हणजे नक्की काय प्रकरण आहे. मला इतकी वर्षं वाटायचं की विंडोजला माहीत असतं कुठल्या सॉफ्टवेअरने कुठे काय ठेवलंय, आणि अनइन्स्टॉल म्हटलं की तो ते सगळं गोळा करून फेकतो. तसं काही नाहीये. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, "अनइन्स्टॉल" नावाचीच एक जागा आहे, तिथे प्रत्येक सॉफ्टवेअर येताना आपलं नाव लिहितं आणि एक कमांड लिहून ठेवतं, मला काढायचं असेल तर ही चालवा. विंडोज फक्त ती कमांड चालवतो. ती कमांड काय काय काढेल आणि काय मागे ठेवेल हे ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्यानेच ठरवलेलं असतं, आणि त्याला तुम्ही जाऊ नये असंच वाटत असतं, तेव्हा तो कशाला मन लावून झाडू मारेल. एमएसआय पद्धतीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरकरवी आलेल्या सॉफ्टवेअरचं थोडं बरं असतं, तिथे काय टाकलं याची नोंद विंडोज इन्स्टॉलरकडे असते, पण सॉफ्टवेअरने नंतर चालता चालता बनवलेल्या फायली त्या नोंदीत सहसा नसतात.

बरं, कॉलेजात असताना मी याहून मोठा शहाणपणा करायचे. प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन सरळ फोल्डरच डिलीट. झालं काम. नंतर यादीत ते नाव तसंच राहायचं आणि अनइन्स्टॉल दाबलं की एरर, कारण जी कमांड चालवायची ती फाइलच मी उडवलेली.

तर म्हटलं आता अनइन्स्टॉलर टूल वापरून बघू. सर्च करून पहिलं जे दिसलं ते उतरवलं, भराभर नेक्स्ट नेक्स्ट केलं आणि त्याच्यासोबत एक ब्राउझर एक्स्टेन्शन आणि एक "पीसी स्पीड वाढवा" वालं काहीतरी आलं. म्हणजे कचरा काढायला बोलावलेला माणूसच दोन पोती घेऊन आला. त्या टूलचं नाव सांगत नाही, टिक काढायचं चौकोन होतं, मीच बघितलं नाही. आणि एवढं होऊनही मी तेच टूल वापरलं, कारण आता आलंय तर आलंय. इथून पुढचा घोळ सगळा माझ्या हाताचा.

रविवार होता. सकाळी नको असलेली चार सॉफ्टवेअर काढली, एक जुना व्हिडिओ कन्व्हर्टर, एक गेम लाँचर, दोन किरकोळ. टूल प्रत्येक वेळी आधी सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवायचं, मग उरलेल्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या एंट्र्या शोधून यादी दाखवायचं, मी सिलेक्ट ऑल करून डिलीट. मस्त वाटत होतं. सिलेक्ट ऑल या बटणाची एक नशा असते राव.

दुपारी पीडीएफवाल्याची पाळी. ते तर यादीतच नव्हतं, आधीच "काढलेलं". टूलमध्ये फोर्स्ड अनइन्स्टॉल होतं, म्हणजे नाव टाइप करा, त्या नावाचं जे जे सापडेल ते दाखवतो. मी सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव टाकायच्या ऐवजी कंपनीचं नाव टाकलं, म्हटलं काही सुटायला नको. तीनशेच्या वर ओळी आल्या. सिलेक्ट ऑल, डिलीट.

संध्याकाळी एक कागद स्कॅन करायला गेले तर स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. हे विकत घेतलेलं, रोजच्या वापरातलं. आणि हो, त्याच कंपनीचं. त्या कंपनीची दोन्ही सॉफ्टवेअर एकाच छत्राखाली, रजिस्ट्रीत कंपनीच्या नावाची एक एंट्री, तिच्या पोटात दोघांच्या दोन, आणि प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्येही तसंच. मी वरूनच कापलं.

घाबरले नाही, कारण टूल रीस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जायला ठेवलेली खूण) बनवतं हे मी सकाळी बघितलं होतं. सिस्टम रीस्टोअर उघडलं तर तिथे एकच पॉइंट, सकाळी दहाचा. दुपारचा नाहीच. हे असं का ते नंतर समजलं, विंडोज ८ पासून अशी मर्यादा आहे की एखाद्या प्रोग्रामने रीस्टोअर पॉइंट मागितला आणि गेल्या २४ तासांत एक आधीच बनलेला असेल तर नवा बनतच नाही, सेटिंग बदलल्याशिवाय. टूल मागतं, विंडोज बरं म्हणतो, आणि काही करत नाही. हाताने सिस्टम प्रोटेक्शनमध्ये जाऊन क्रिएट दाबलं तर मात्र बनतो. त्या दिवसापासून मी मोठं काही काढायच्या आधी हातानेच बनवते. आणि एक, कितीतरी लॅपटॉपवर सिस्टम प्रोटेक्शन मुळातच बंद असतं, तर ते चालू आहे का ते पहिलं बघा, वेळ आल्यावर बघून उपयोग नाही.

दुसरा इलाज नव्हता म्हणून सकाळी दहावर गेले. स्कॅनिंगवालं उघडलं, पण लायसन्स नाही म्हणालं. रजिस्ट्री परत आली होती, प्रोग्रामच्या फायली परत आल्या होत्या, लायसन्सची फाइल मात्र नाही, सिस्टम रीस्टोअर सगळ्याच प्रकारच्या फायली परत आणत नाही. जुन्या मेलमध्ये लायसन्स-की शोधायला एक तास गेला. आणि सकाळी काढलेली ती चार सॉफ्टवेअर? तीही उठून बसली, अर्धी. यादीत नावं हजर, काही फायली हजर, काही गायब, अनइन्स्टॉल दाबलं की दोघांचा अनइन्स्टॉलर चालेचना. रात्री अकराला मी होते तिथेही नव्हते, चार पावलं मागे होते.

पुढच्या आठवड्यात शांत डोक्याने परत बसले. आधी ते टूल काढलं. टूल काढायला टूल नको म्हणून सेटिंग्जमधूनच, आणि त्याच्यासोबत आलेली ती दोन पोतीही. मग रेव्हो अनइन्स्टॉलरची फुकट आवृत्ती घेतली, थेट त्यांच्या साइटवरून.

अर्धवट राहिलेल्या सॉफ्टवेअरसाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती ऐकायला उलटी वाटते, काढायचं असेल तर आधी परत टाका. तोच इन्स्टॉलर, शक्यतो तीच आवृत्ती, वरून इन्स्टॉल करा, म्हणजे त्याच्या गहाळ फायली जागच्या जागी येतात, त्याचा अनइन्स्टॉलर धड होतो, आणि मग काढा. पीडीएफवाल्याची सेटअप फाइल डाउनलोड्समध्ये पडून होती (मी काहीच डिलीट करत नाही ही सवय एकदाची कामी आली). इन्स्टॉल केलं, उघडलं, आणि पहिलाच मेसेज, तुमची ट्रायल संपली आहे. नवं कोरं इन्स्टॉल आणि याला आठवतंय माझी ट्रायल कधी संपली ते! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मागे राहणारं सगळंच काही आळसाने राहत नाही. काही गोष्टी मुद्दाम ठेवून जातात, नाहीतर लोक दर महिन्याला काढून परत टाकतील. त्यांच्या बाजूने बरोबरच आहे म्हणा. पण "यशस्वीरीत्या काढून टाकलं" तरी म्हणू नका ना.

आता रेव्होमधून काढायला घेतलं. आधी हाताने रीस्टोअर पॉइंट. मग त्याने सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवला, शेवटी त्याने विचारलं आता रीस्टार्ट करू का, तिथे नाही म्हणायचं, कारण हो म्हटलं तर पुढचं स्कॅन राहून जातं. मग स्कॅनचे तीन प्रकार, सेफ, मॉडरेट आणि ॲडव्हान्स्ड. जितकं पुढे जाल तितकं जास्त सापडतं आणि तितकं जास्त चुकीचंही सापडू शकतं. मी मॉडरेट घेतलं.

रजिस्ट्रीची जी यादी आली ती झाडासारखी असते, फांद्या उघडत आत जायचं, आणि त्यात ज्या ओळी ठळक अक्षरात असतात तेवढ्याच डिलीट होतात, बाकीच्या फक्त तिथवरची वाट दाखवायला असतात. हे माहीत नसेल तर पहिल्यांदा छातीत धस्स होतं, कारण झाडाच्या वरती "सॉफ्टवेअर" आणि "मायक्रोसॉफ्ट" अशी नावं दिसतात आणि वाटतं हे काय सगळंच उडवतंय की काय. या वेळी मी एकेक ओळ वाचली. पाऊण तास लागला. ज्या ओळीत पीडीएफवाल्याचं स्वतःचं नाव होतं ती टिक, जिथे नुसतं कंपनीचं नाव होतं ती सोडली, आणि जिथे नुसताच कंसातला लांबलचक आकडा होता तिथे आत जाऊन तो कुठल्या फाइलकडे बोट दाखवतो ते बघितलं. एका आकड्याने स्कॅनिंगवाल्याकडेच बोट दाखवलं. तो माझ्या सिलेक्ट ऑलमध्ये आरामात गेला असता, परत.

फायलींच्या यादीत नेहमीच्या जागा निघाल्या. प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅमडेटा जे मुळात लपवलेलं असतं म्हणून लोकांना दिसतच नाही, आणि ॲपडेटाच्या आत लोकल नि रोमिंग दोन्हीकडे. एकूण ७०० एमबीच्या आसपास, त्यातली बरीचशी जुन्या अपडेटच्या सेटअप फायली. एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामच्या आत शिरून चालणारी फाइल) मात्र जाईना, वापरात आहे म्हणे. तीच ती, राइट क्लिकवाली.

ही राइट क्लिकची भानगड अशी की ती डीएलएल विंडोज एक्सप्लोरर स्वतःच्या आत ओढून घेतो, आणि एक्सप्लोरर म्हणजे तुमचा डेस्कटॉप, टास्कबार सगळं, तो तर कायम चालूच. म्हणून टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद केला. स्क्रीनवरून टास्कबार गेला, आयकॉन गेले, नुसता वॉलपेपर आणि टास्क मॅनेजरची खिडकी. धाकटा भाऊ मागून बघत होता, "ताई, उडवलास ना शेवटी?" "थांब रे जरा." टास्क मॅनेजरमधूनच नवा टास्क म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, डिलीटची कमांड दिली, तरी वापरात आहे! मग टास्कलिस्ट नावाच्या कमांडला त्या डीएलएलचं नाव देऊन विचारलं कोणी धरलीये, तर ब्राउझरने. का, तर सकाळी मेलला फाइल जोडताना जी "फाइल निवडा"ची खिडकी उघडली होती तिच्यातही तोच राइट क्लिक चालतो, त्यामुळे ती डीएलएल ब्राउझरच्याही आत शिरलेली. ब्राउझर बंद केला, परत कमांड, गेली. एवढं नको असेल तर सोपा मार्ग म्हणजे पुढच्या रीस्टार्टला डिलीट कर असं टूलला सांगायचं, ते तशी नोंद करून ठेवतं आणि विंडोज सुरू होता होता, कोणी धरायच्या आत, फाइल उडते. पण माझी तोवर खुन्नस झाली होती.

अपडेटरची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा भाग, उरली होती. ती काढायची कमांड अगदी छोटी, एससी, मग डिलीट, मग सर्व्हिसचं नाव. मी ती पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या विंडोजच्या दुसऱ्या खिडकीत, टाकली. काही एरर नाही, एकदम शांत, म्हटलं वा. सर्व्हिस जागेवरच. तीनदा केलं. नंतर त्या फोल्डरमध्ये "डिलीट" नावाची एक फाइल सापडली, आत सर्व्हिसचं नाव लिहिलेलं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये एससी हे दुसऱ्याच एका कमांडचं टोपणनाव आहे, फाइलमध्ये मजकूर लिहिणाऱ्या. म्हणजे मी तीन वेळा मनोभावे एका फाइलीत लिहीत होते. एससीच्या पुढे डॉट ईएक्सई लावलं की बरोबर चालतं, किंवा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करायचं, दोन्हीकडे ॲडमिन म्हणून उघडून.

यानंतर ऑटोरन्स चालवलं. हे मायक्रोसॉफ्टचंच, सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं टूल, अनइन्स्टॉलर नाहीये, पण लॅपटॉप सुरू होताना जे जे आपोआप चालतं ते सगळं एका जागी दाखवतं. त्यात पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. माझ्याकडे अकरा पिवळ्या निघाल्या. त्यातली एक पीडीएफवाल्याची शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), बाकी कुठल्या कुठल्या जमान्यातल्या, एक तर अशा प्रिंटरची जो मी देऊनही टाकलाय. आधी टिक काढायची, दोन दिवस बघायचं, काही अडलं नाही तर डिलीट. टिक काढल्याने नुसतं बंद होतं, परत लावता येतं, हे मला फार आवडलं.

ती चार अर्धमेली सॉफ्टवेअर काढायला गीक अनइन्स्टॉलर वापरलं, एकच फाइल, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, फोर्स रिमूव्हल आहे. पाच-सहा मिनिटांत चारही. गेम लाँचरने तेवढं कुरकुरून बघितलं.

हे सगळं बघून भावाने आपला लॅपटॉप आणून ठेवला. त्याच्यावर १४० सॉफ्टवेअर. तिथे बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर, नाव असं असलं तरी गुणी आहे, ओपन सोर्स आहे आणि एकावेळी दहा-वीस टिक केली तर एकामागून एक, जमेल तिथे काही न विचारता काढत जातं. उरलेल्या गोष्टींसमोर तो स्वतःच लिहितो मला याची किती खात्री आहे ते, खूप खात्री, बरी, फारशी नाही, आणि खात्री असलेल्याच आधी टिक करतो. भाऊ उत्साहात. "अगं हे बघ, व्हिज्युअल सी प्लस प्लस चौदा वेळा आहे, तेरा काढून टाकू?" अजिबात नाही. ते म्हणजे गेम आणि इतर सॉफ्टवेअरना चालायला लागणाऱ्या फायलींचे संच, एकाच गोष्टीच्या चौदा कॉपी नाहीत, वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या आहेत, काही ३२ बिट काही ६४, आणि कुठल्या गेमला कुठली लागते ते तो गेम उघडेनासा झाल्यावरच कळतं. तसंच विंडोज फोल्डरच्या आत इन्स्टॉलर नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, कधीकधी कित्येक जीबीचं, ते बघून हात शिवशिवतात. त्याला हात लावू नका. एमएसआयवाली सॉफ्टवेअर दुरुस्त करायला नि काढायला त्याच फायली लागतात. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एक क्लीनअप टूल होतं अशा अडकलेल्या सॉफ्टवेअरसाठी, तेसुद्धा त्यांनी २०१० मध्ये मागे घेतलं, कारण दुसऱ्याच गोष्टी बिघडायच्या. त्यानंतर त्यांचा एक ट्रबलशूटर आला, यादीत अडकून बसलेल्या नावांसाठी, तो बऱ्यापैकी सौम्य.

त्याच्या लॅपटॉपवर मुदत संपलेला एक अँटिव्हायरसही होता, त्याला मात्र मी कुठलंच टूल लावलं नाही. अँटिव्हायरस स्वतःला वाचवायलाच बनवलेला असतो, खाली ड्रायव्हरपर्यंत घुसलेला, अर्धवट निघाला तर नेट बंद पडण्यापासून काहीही होतं. बहुतेक कंपन्या आपापलं रिमूव्हल टूल देतात, तेच घ्यायचं आणि ते म्हणतील तसं करायचं, सेफ मोड (विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू होतो तो) म्हणाले तर सेफ मोड. मला वाटलं होतं सगळीच सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये काढली तर किती छान, पण तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस चालू नसते, त्यामुळे एमएसआयवाली तिथे निघतच नाहीत. भाऊ म्हणे मग सेफ कशाला म्हणतात.

माझा राइट क्लिक आता लगेच उघडतो, पहिले काही दिवस मी उगाचच फायलींवर क्लिक करून बघत होते. प्रोग्रॅमडेटामध्ये त्या कंपनीच्या नावाखाली एक फोल्डर अजून आहे, काही बाइटची एक फाइल आत, डिलीट करायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. मालकी बदलून उडवता येईल, कसं ते मला माहितीये. पण ती ट्रायलवाली आहे की स्कॅनिंगच्या लायसन्सवाली हे मला अजून नक्की सांगता येत नाही, तर राहू दे तिथेच.